मुंग्यांची तक्रार

पलूसचे निवृत्त हवालदार दादासो यांच्या टीव्हीवर एका सकाळी मुंग्या आल्या. जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू झालं होतं. तशी सूचना नव्या डिजिटल वाहिनीवर आठवडाभर दाखवण्यात आली होती. जुना टीव्ही असलेल्यांना ती दिसली नाही, हा अर्थातच त्यांचा निष्काळजीपणा.

एरवी दादासोंनी मनावर घेतलं नसतं. पण गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नीची, सुलाबाईंची, हळदीच्या शेतीवरची मुलाखत लागणार होती आणि त्यांनी सगळ्या गल्लीला घरी बोलावून ठेवलं होतं.

"मोबाईलवर बघा की," जावई म्हणाला.

"टेबलाएवढा टीव्ही घरात असताना तळहाताएवढी बघू व्हय सोताला?" सुलाबाई म्हणाल्या.

विषय संपला. दादासो सांगलीला जाऊन सेट टॉप बॉक्स घेऊन आले. बॉक्सची वायर चपटी निघाली आणि टीव्हीच्या पाठीला तसं भोकच नव्हतं. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"सर, जुन्या टीव्हीची वायर फक्त नोंदणीकृत ग्राहकांना मिळते," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "नोंदणीसाठी स्क्रीनवर दिसणारा क्रमांक सांगा."

"आवं ताई, क्रमांक कुठला? पडद्यावर नुसत्या मुंग्या हायेत."

"मुंग्या. ओके सर." टाईप केल्याचा आवाज आला. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे."

संबंधित विभाग बुधवारी दारात उभा राहिला. त्याचं नाव अर्जुना होतं आणि पाठीवर औषधाचा पंप होता.

"मुंग्या कुठं हायेत?"

दादासोंनी टीव्ही लावून दाखवला. अर्जुनाने टोपी काढून डोकं खाजवलं.

"ह्या मरायच्या न्हाईत, काका."

"मग जा की परत."

"न फवारता गेलो तर माझी हजेरी लागत न्हाई. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, दोन्ही पाठवाय लागत्यात."

दादासोंची उभी हयात हुकूम पाळण्यात गेली होती. ते बाजूला झाले. अर्जुनाने मुंग्यांनी भरलेल्या पडद्याचा फोटो काढला, टीव्हीच्या चारी बाजूंनी फवारणी केली, मग टीव्ही बंद करून काळ्याभोर, स्वच्छ पडद्याचा दुसरा फोटो काढला. तो फाटकाबाहेर पडायच्या आत तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला.

दादासोंनी तडक फोन लावला. "अगं, टीव्ही बंद हाय म्हणून मुंग्या दिसंनात!"

"म्हणजे आता मुंग्या दिसत नाहीत ना, सर?"

"न्हाईत, पण..."

"धन्यवाद, सर."

गुरुवारी गल्ली जमली. घरभर औषधाचा वास होता. सुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसल्या होत्या. दादासोंनी टीव्ही लावला आणि मान खाली घातली. खरखर सुरू झाली. कुणीतरी खोकलं, कुणी चप्पल शोधू लागलं.

सुलाबाईंचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या उठल्या, त्यांनी टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बसा समदी. काय बोललीया ते मीच सांगते. आन् त्यांनी जे कापलं असंल, ते बी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. बेणं कसं निवडायचं ते, पाणी किती द्यायचं ते, आणि मुलाखत घेणाऱ्या साहेबाने हळदीच्या रानात उभं राहून "ही केळी का?" असं विचारलं, तेही. गल्ली हसून हसून लोळली. दादासोंनी बायकोचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकलं, आणि ही बाई एवढं बोलते हे आपल्याला माहीत कसं नव्हतं, याचं त्यांना नवल वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर यंत्राचा आवाज होता: "आमच्या सेवेला एक ते पाचपैकी गुण द्या." दादासोंचं बोट रागाने एकवर गेलं.

"आवं, थांबा! एक दाबला तर परत फवाराय येत्याल!" सुलाबाई ओरडल्या.

दादासोंनी निमूटपणे पाच दाबले.

कंपनीच्या अहवालानुसार त्या महिन्यात शंभर टक्के ग्राहक समाधानी होते. त्यात तुमचेही पाच आहेत. कटकट मिटावी म्हणून तुम्ही ते परवाच दाबलेत.