किब्वानाची तीन वाजताची सभा

लेकीने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, सभेची वेळ मी भरून देते, तुम्ही नुसतं बोट ठेवा." पण किब्वाना शेकुवेने ठरवलं, एवढं तरी आपलं आपण करायचं. पंगानीच्या वाचनालयात अठ्ठावीस वर्षं पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारलेला माणूस तो; त्याला एक वेळ लिहिता येऊ नये? सौमू तांगा शहरात बँकेत लागली म्हणून आता बापाला कारकुनी शिकवणार की काय?

(सौमूचं ऐकलं असतं तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. तिचं न ऐकल्याबद्दल आपण त्याचे आभारच मानले पाहिजेत.)

तर झालं होतं असं, की चार महिन्यांपूर्वी मोठ्या हापिसातून एक काचेची पाटी आली होती, आणि पाटीबरोबर हुकूम. अकरा गावांच्या अकरा वाचनालयांत आता सगळी पुस्तकं या पाटीत दिसणार. वाचकाने घरबसल्या शोधायचं, घरबसल्या मागायचं. प्रत्येक गावच्या माणसाने पाटीवरूनच एक सभा भरवायची आणि हे सगळं नीट समजावून दाखवायचं. जमलं तर ठीक. नाही जमलं तर वाचनालयाची किल्ली तांग्याच्या एखाद्या पदवीवाल्याकडे जाणार, आणि म्हाताऱ्याने पेन्शन होईपर्यंत गोदामात बसून जुन्या कागदांची वाळवी झटकायची. शेजारच्या गावच्या एकाची किल्ली गेलीही होती. तो सभेत घाबरून नुसता खोकत बसला होता म्हणे.

किब्वानाला दिवा गेला तरी पुस्तक काढून देता येई. चार हजार पुस्तकं त्याच्या बोटांना पाठ. पण हीच बोटं काचेवर ठेवली की एका अक्षराची तीन उमटायची. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून बसला असता. याने काय केलं? शाळेची एक वही आणली आणि पाटीवरच्या एकेका बटणाचं चित्र काढलं. ज्यातून दिसतं तो माशाचा डोळा. ज्यात बोलायचं ते मक्याचं कणीस. फजरची नमाज झाली की चहाच्या आधी एक तास तो ती वही आणि ती पाटी घेऊन बसायचा. चार महिन्यांत त्याने ती पाटी अशी माणसाळवली, की सौमूसुद्धा फोनवर शाबास म्हणाली. हे आपल्याच्याने झालं असतं का, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

मग सभेची वेळ भरायचा दिवस आला. खणात त्याने लिहिलं, तीन. पुढे एएम आणि पीएम असे दोन तुकडे होते. हे वहीत नव्हते. त्याने जरा विचार केला, पीएमवर बोट ठेवलं आणि समाधानाने मान हलवली. (पीएमच का, ते त्याच्याच तोंडून ऐका, थोडं थांबा.)

शनिवार उजाडला. नेटवर्क फक्त मागल्या अंगणात, चूल आणि पाण्याचा रांजण यांच्या मधल्या चार हातांत यायचं, म्हणून सभा तिथेच. सकाळपासून किब्वानाने घरात जमावबंदी लावली. कोंबड्या टोपलीखाली. शेजारच्या चौसिकूला निरोप, की आज मुसळ वाजवू नकोस. स्वतः इस्त्रीचा पायघोळ कांझू, डोक्यावर नक्षीची टोपी. रांजणाला टेकवून पाटी उभी केली आणि बरोबर तीनला चालू केली.

पाटीत एकच माणूस होता. किब्वाना.

तो बसून राहिला. पाऊण तास झाला, तास झाला.

"कोणी येत नाही का हो?" त्याची बायको तुनू चुलीपासून म्हणाली.

"येतील. तासभर स्वतःचं तोंड बघत बसणं सोपं नाही, एवढंच."

"मी तीस वर्षं बघतेय. मी कधी काही बोलले?"

दुसरा तासही गेला आणि किब्वानाचा धीर सुटला. म्हणजे ठरलेलंच आहे तर! म्हाताऱ्याचं ऐकायचंही कष्ट नकोत, किल्ली परस्पर काढून घ्यायची. रागाच्या भरात त्याने पाटीवरचं एक बटण दाबलं. त्याला वाटलं, पाटी मिटली. प्रत्यक्षात मिटला होता फक्त तिकडून येणारा आवाज. पाटीचा डोळा उघडा होता आणि कणीसही जागं होतं.

आता आमच्या घड्याळाचं सांगायला हवं. आमच्याकडे सूर्य उगवला की दिवस सुरू होतो, म्हणून उन्हं वर येऊन तीन तास झाले की वाजले तीन. बाकीचं जग अर्ध्या रात्री दिवस सुरू करतं. कशाला, ते त्याचं त्याला ठाऊक. तो सुरू झालेला बघायला तेव्हा जागं कोण असतं? पण पाटी पडली त्या जगाची. पाटीच्या हिशेबी तीन वाजायला अजून दुपार कलायची होती.

आणि दुपार कलली. कांझू दोरीवर गेला. किब्वाना बनियन आणि लुंगीवर, पाटीकडे ढुंकूनही न बघता, बकरीवर बसून नारळ खवत होता. (नारळ खवायच्या पाटाला आमच्याकडे बकरी म्हणतात. खरी बकरी कुंपणाशी बांधली होती. त्या दिवशी जिने कशातच तोंड घातलं नाही अशी घरात ती एकटीच.) त्याच वेळी पाटीत एक चौकोन उघडला. मग दुसरा. मग पाच. दहा गावांचे वाचनालयवाले, त्यांचे साहेब, आणि मधोमध मोठ्या हापिसातल्या मोठ्या बाई, बी सिहाबा (बी म्हणजे बाईच). सगळे "शेकुवे, आम्ही आलो" म्हणून ओरडत होते आणि आवाज मिटलेला होता.

"बी सिहाबाला माझं ऐकायचंच नव्हतं," किब्वाना नारळाला सांगत होता. "ती कशाला ऐकेल? तिचा स्वतःचा आवाज म्हणजे फेरीबोटीचा भोंगा. वाजला की माणसं आपोआप रांगेत उभी राहतात."

"भोंग्याचं राहू द्या," तुनू म्हणाली. "मला एकदा सांगा तरी, चार महिने त्या पाटीत काय शिकत होतात?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही, का तुम्हाला सांगता येत नाही?"

हे लागलं. किब्वानाने घसा खाकरला. "सदर प्रणालीद्वारे वाचक आपली मागणी नोंदवितो, तदनंतर..."

"हे कोण बोललं? तुम्ही, का भिंतीवरची नोटीस?"

किब्वानाने नारळाची दुसरी वाटी उचलली. मग हळूच म्हणाला, "बरं, ऐक. तुझं फडताळ. कुठल्या डब्यात काय, ते तुला झोपेत माहीत. मला वेलची काढायला सांगितलीस तर?"

"तर जुम्मा उजाडतो, आणि हातात येते मिरी."

"आता समज, मी दारातूनच हाक मारली, 'वेलची!' आणि डबा आतून म्हणाला, 'दुसरी फळी, डावीकडे.' तशी आता आमची पुस्तकं बोलतात. वाचकाने घरून हाक मारायची."

"आणि डबा चौसिकूने नेला असला तर?"

"तर फळी सांगते, 'नेलाय, गुरुवारी येईल.' मग तू आपला नंबर लावायचा."

"चौसिकूने नेलेलं गुरुवारी येतं, हे त्या फळीला कोणी सांगितलं?" तुनू हसली. मग चुलीपुढून जरा पुढे सरकली. "आणि कोणी नेलंय, त्याचं नावही सांगते?"

"नाव नाही."

"तुम्हाला तर दिसत असेल."

"मला दिसतं. ते माझ्या पोटात राहतं."

"मला सांगा ना. परवा तो फेरीबोटीचा तिकीटवाला पुस्तक पाठीमागे लपवून नेत होता, काय होतं ते?"

"नाही सांगणार."

"बायकोलासुद्धा?"

"बायकोला तर मुळीच नाही. तुला सांगितलं तर फेरी पलीकडे पोचायच्या आत ते पलीकडे पोचेल. माणूस पुस्तक नेतो तेव्हा त्याचं काहीतरी दुखत असतं, तुनू. ते चव्हाट्यावर येणार असेल तर उद्या तो दारात पाऊल टाकायचा नाही."

तुनूने तिकीटवाल्याचा नाद सोडला. मग म्हणाली, "आणि मधेच कुणी दुसऱ्याच्या नावाने मागितलं तर?"

"त्याला एक परवलीचा शब्द असतो. तुझ्या अंगावर गुंडाळलेल्या कांग्याच्या टोकाला गाठ आहे ना, तशी. गाठ सगळ्यांना दिसते, सोडता येते फक्त तुला."

"आणि गाठ कशी मारली ते मीच विसरले तर?"

"तर सौमूला फोन लावायचा. मी तीनदा लावलाय."

एव्हाना पाटीतल्या चौकोनांत सगळे लिहून घेत होते. दोघं-तिघं म्हातारे वाचनालयवाले, ज्यांना चार महिन्यांत काही म्हणता काही उमगलं नव्हतं, त्यांच्या तोंडावर आता कुठे उजेड पडत होता.

तुनूने लाकूड आत सारलं. पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "आणि ज्याला वाचताच येत नाही, त्याने? त्या खणात मी काय लिहू, सौमूचे बाबा?"

खवणीचा आवाज थांबला.

"लिहायचं नाही," किब्वाना म्हणाला. "कणीस दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं त्याला समजतं. आणि काही पुस्तकं पाटीच वाचून दाखवते. वहीच्या पहिल्या पानावर आहे ते. सगळ्यांत आधी मी तेच शोधलं होतं, तुझ्यासाठी. बाकीचं नंतर शिकलो."

"मग चार महिने बोलला का नाहीत?"

"आधी जमतंय का ते बघत होतो."

तुनूने पदराने डोळे पुसले. (लाकडं ओली नव्हती, धूरही नव्हता.) हात कांग्याला पुसत ती रांजणाकडे आली. "दाखवा कणीस. मला मधमाश्या पाळायचं पुस्तक पाहिजे. माझी आई पाळायची..." आणि थबकली. "अहो. तुमच्या पाटीत माणसं भरलीत."

"चित्रं असतील."

"चित्रं रडताहेत. एक चष्मेवाली तर नाक शिंकरतेय."

किब्वानाने मान वळवली. तेवीस चौकोन. मधला चष्मा त्याने ओळखला. तो उठला, टोपी शोधली, हाताला लागली ती डोक्यावर घातली. ती टोपी नव्हती, नारळाचं दूध गाळायची विणलेली गाळणी होती. दोन्ही कानांवरून दूध ओघळायला लागलं. तशाच अवस्थेत त्याने आवाजाचं बटण शोधून दाबलं. (हेही सांगायला हवं, की पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलं.)

"शेकुवे," पाटी म्हणाली. "फेरीचा भोंगा बोलतोय."

किब्वानाने डोक्यावरची गाळणी सरळ केली.

"बाई, मी... सभा सकाळी तीनला होती. कोणी आलं नाही, म्हणून..."

"सकाळी? तुम्ही स्वतः पीएम लिहिलंय."

"हो बाई. पंगानी म्जिनी."

(म्जिनी म्हणजे शहरात. आमच्या गावाला शहर म्हणणारा तो एकटाच, पण ते असो.)

"काय?"

"पीएम. पंगानी म्जिनी. म्हटलं, कुठल्या गावची सभा ते विचारतायत."

बी सिहाबाने चष्मा काढला. "आणि मग एएम?"

"अरुशा म्जिनी," किब्वाना म्हणाला. "मोठं गाव म्हणून त्यांचं आधी लिहिलंय. मी वाईट वाटून घेतलं नाही."

त्यानंतर तेवीस चौकोनांत जे हसणं उसळलं, त्याने रांजणातलं पाणी हललं. चौसिकूने पलीकडून ओरडून विचारलं, "आता मुसळ वाजवू का गं?" बी सिहाबाला बोलायला बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "शेकुवे, पीएम म्हणजे दुपारनंतर. ते सौमूला विचारा. बाकी तुम्हाला कोणाला काही विचारायची गरज नाही. किल्ली तुमचीच. वाचकाचं नाव पोटात ठेवायचं, हे आमच्या हुकमात लिहायचंच राहिलं होतं, सोमवारी लिहिते. आणि पुढच्या महिन्यात अकराही गावांना हे असंच शिकवायचंय, तांग्याला. पत्र पाठवते."

पाटी मिटली. या वेळी खरी मिटली. किब्वाना उभाच होता आणि गाळणी अजून डोक्यावर होती.

बुधवारी बसने पत्र आलं. जाड कागद, छापील, खाली शिक्का. अठ्ठावीस वर्षांत त्याचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. वाचनालय अर्धा तास आधी बंद करून तो घरी निघाला, वाटेत तिकीटवाल्याला नुसता लिफाफा दाखवला, आणि अंगणात येऊन तुनूपुढे बसला.

"वाचा," ती म्हणाली.

त्याने मनात एकदा वाचलं. मग आणखी एकदा. खोटं वाचता आलं असतं, तिला काही कळलं नसतं. पण पुस्तकाचं असो की पत्राचं, लिहिलंय त्याहून वेगळं त्याने जन्मात कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"'मार्गदर्शन, बी तुनू मकामे, पंगानी. घरातल्या घरात अवघड गोष्ट कशी विचारून घ्यावी, याचा पाठ त्या देतील. सोबत पती.'"

"पुढे?"

"पुढे शिक्का आहे."

"पतीचं नाव नाही?"

"नाही."

तुनूने पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि नीट घडी घालून ठेवून दिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे कोणता आणायचा, ते माझ्यावर सोडलंय."