भेटीची वेळ संपली

"ताई, मी गवताची गाडी घेऊन तासाभरात येतो. तू नुसती बघत बस. हात लावू नकोस!"

घोडेवाला भाऊ हे सांगून गेला आणि तिथंच सगळं बिघडलं. जिनं प्रसूतिगृहात तेहेतीस वर्षं हेड नर्स म्हणून काढली, जिला सख्खा नवराही 'सिस्टर' म्हणे, तिला नुसतं बघत बसायला सांगणं म्हणजे वाऱ्याला खुंटीवर टांगून ठेवणं.

सकाळीच घोडीनं शिंगरू दिलं होतं. सात वर्षांत पहिलंच. कपाळावर पांढरा ठिपका, पाय मात्र दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे लांबलचक. चौथ्या प्रयत्नात ते उभं राहिलं, तेव्हा सिस्टरांनी हात जोडले. "देवा, कारागिरी फक्कड आहे रे! पण पुसून तरी पाठवायचंस!"

आधी त्यांनी नाळेला औषध लावलं, ते अगदी बरोबर केलं. तिथंच थांबल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती. घोडी दमून पडली होती. सिस्टरांनी शिंगरू शेजारच्या खणात नेलं, कोमट पाणी आणि बाळाच्या साबणानं खसाखसा धुतलं, पुसलं, पावडर लावली. वर पायात एक नंबरची पट्टी बांधली, अदलाबदल नको! तबेल्यात दुसरं शिंगरूच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

डोकावणाऱ्या शेजारणींना त्यांनी दारातूनच परतवलं. "भेटीची वेळ संपली!"

मग घमघमणारं बाळ आईपुढं उभं केलं. घोडीनं हुंगलं. कान मागं पाडले आणि सरळ पाठ फिरवली. शिंगरू दुधाकडं वळलं, तशी तिनं लाथ उगारली.

"अगं बाई, तुझंच आहे! नंबर बघ!"

तेवढ्यात भाऊ आला. एक वास घेऊनच त्यानं कपाळावर हात मारला आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"धुतलं?" डॉक्टर फोनवर ओरडले. "साबणानं?"

"पावडरही लावलीय," सिस्टर मागून म्हणाल्या. काम अर्धवट केलं असं कुणाला वाटू नये म्हणून.

"अहो, आई वासानं ओळखते. तिच्या नाकाला ते पिल्लू नाही, न्हाणीघर आहे! आणि ऐका, पहिला चीक दुपारच्या आत पोटात गेलाच पाहिजे. आजाराशी झुंजायची ताकद त्यातच असते. जे धुऊन काढलंत, ते परत लावा!"

सिस्टरांचा चेहरा उतरला. तेहेतीस वर्षांत त्यांच्या हातून एक बाळ उपाशी राहिलं नव्हतं. शिंगरू त्यांचंच कोपर चुपचुप चोखत होतं.

"ताई, राहू दे, मी बघतो."

"तू बाजूला हो. चूक माझी, ड्यूटीही माझी!"

त्यांनी पदर खोचला. घोडीखालचं ओलं गवत ओंजळीओंजळीनं आणलं. बाळंतपणात पडलेली वार भावानं बादलीत ठेवली होती, तीही उचलली. भावानं घोडीला चुचकारत चार थेंब चीक काढून दिला. हे सगळं त्या शिंगराच्या अंगाला चोळू लागल्या. शिंगरू निसटे, सिस्टर धरत. शेवटी दोघंही त्या गवतात आडवी झाली. वारेच्या पाण्याची ती बादलीही त्यांच्यावरच उपडी झाली.

घोडी वळली. शिंगराला शेपटीपासून कानापर्यंत हुंगलं आणि पोटातून असा काही मऊ हुंकार दिला की भावाच्या अंगावर काटा आला. मग ती चाटू लागली. शिंगरानं दोनदा गुडघा चोखला, तिसऱ्यांदा बरोबर जागा सापडली. इवलीशी शेपटी हलू लागली.

"प्यायलं गं ताई!" भावानं डोळे पुसले.

"न प्यायला काय झालं? केस कुणाकडं होती?" सिस्टर चष्मा शोधत उठल्या आणि दाराकडं निघाल्या.

घोडी आडवी आली. तिनं सिस्टरांचा अंबाडा हुंगला. पुन्हा तोच मऊ हुंकार. मग एक लांबलचक, खरखरीत जीभ हनुवटीपासून कपाळापर्यंत फिरली.

"अरे, हिला आवर! मला आंघोळ करायचीय!"

"आंघोळ? नाव काढू नकोस. दोन पिल्लं ओळखलीत तिनं, आता एकही धुवायचं नाही." भावानं बाहेर येऊन अर्धा दरवाजा अलगद लावून घेतला. शेजारणी पुन्हा जमल्याच होत्या. त्यांना तो गंभीरपणे म्हणाला,

"भेटीची वेळ संपली."