विल्हेवाले मुश्ताक सर

मुश्ताक सरांच्या स्वयंपाकघरात ओवा सगळ्यात आधी आणि हळद सगळ्यात शेवटी. मधले डबेही असेच वर्णमालेच्या हुकमानं उभे: जिरं, तिखट, धने, बडीशेप, मीठ, मोहरी, साखर. डबे सगळे एकसारखे, पत्र्याचे. झाकण उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही. सरांच्या बायकोची, शबानाभाभींची, यात फार पंचाईत व्हायची. त्यांच्या लेखी मीठ म्हणजे नमक, आणि नमक म्हणजे धन्यांच्या शेजारी. तिथं हात घातला की बडीशेप निघायची.

"इनको समझाओ मॅडम," भाभी मला म्हणायच्या, "दाल में सौंफ कौन डालता है?"

"भाषा कोनतीई घ्या," सर शांतपणे म्हणायचे, "पन एकच घ्या. अर्धे डबे हिंदी अन् अर्धे मराठी, असं नाई चालत."

आम्ही दोघं अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायचो. ते गणित आणि संगणक, मी मराठी. राहायला दोघंही अमरावतीत, त्यामुळे रोजचं अप-डाऊन. बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर पकडायची, संध्याकाळी परत. गाडीत आमचा सात-आठ जणांचा घोळका असायचा आणि मूर्तिजापूर गेलं की डबे उघडायचे. तिथंही सरांचा कायदा. आडनावांच्या क्रमानं ज्याचा त्याचा डबा फिरायचा. सुरुवात अढाऊ साहेबांपासून. माझं आडनाव क्षीरसागर. माझी भाजी लोकांपर्यंत पोचायची तेव्हा अकोल्याचा सिग्नल दिसत असायचा.

पुढे जे झालं ते माझ्या आडनावापासूनच सुरू झालं. कॉलेजात नवीन संगणक आले आणि परीक्षेच्या ड्युट्यांची यादी त्यांच्यावर निघाली. त्या यादीत मी एकदम क च्या रांगेत जाऊन बसले होते. काळे सर कावरे मॅडमच्या आधी आले होते. माझं काहीच बिघडलं नव्हतं, पण मुश्ताक सर यादी घेऊन स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, तुमचा अपमान झाला."

"अहो, काय झालं?"

"क्ष कुठं येते मराठीत? शेवटी. तुमाले यानं क मधी कोंबलं. अन् ळ येते ह च्या नंतर, यानं ल च्या बाजूले नेऊन बसवला. याले मराठी येतच नाई!"

त्यानंतर कितीतरी दिवस ते मला वर्णमालेवरून छळत होते. अनुस्वार आधी की नंतर? रफार कुठं मोजायचा? मी एम.ए. मराठी, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला मला घरी जाऊन कोश उघडावे लागायचे. आणि एक दिवस त्यांनी मला त्यांचा प्रोग्राम दाखवला. मराठी नावांची कसलीही यादी टाका, अकारविल्हे लावून मिळणार. त्याचं नावही त्यांनी 'विल्हे' ठेवलं होतं. मी त्यात खालून पहिली होते, आणि सर माझ्याकडे असं बघत होते की जणू त्यांनी मला माझं घर परत मिळवून दिलं.

इथंच थांबले असते तर ते मुश्ताक सर कसले! त्यांना विल्हे जगाला द्यायचं होतं. जगभरचे लोक मिळून एक खुली संगणकप्रणाली बनवतात, फुकट, कुणीही वापरावी अशी. तिच्यात हा प्रोग्राम जायला हवा, असं त्यांनी मनावर घेतलं. पण नव्या माणसाला तिथं थेट दार उघडत नाही. आपल्या प्रोग्रामचं पॅकेज नीट बांधायचं, मग सगळ्यांच्या समोर मेल टाकून विचारायचं, कुणी तपासेल का? आतल्या एखाद्या जाणत्या माणसाला पसंत पडलं तर तो तपासतो, चुका काढतो आणि समाधान झालं की स्वतःच्या जबाबदारीवर आत चढवतो. अशा माणसाला तिथं स्पॉन्सर म्हणतात.

हा शब्द स्टाफरूममध्ये पडायला नको होता. प्राचार्य लगेच म्हणाले, "स्पॉन्सर ना? मग त्या साडीवाल्याला विचारा. गॅदरिंगचा मांडव त्यांनीच दिला होता. मात्र बॅनर लावावं लागेल त्यांचं."

"बॅनर लावाले जागा नाई सर त्यात," मुश्ताक सर म्हणाले, अगदी मनापासून दिलगीर होऊन.

मेल गेली. उत्तर नाही. पुन्हा मेल, पुन्हा सामसूम. दुपारी लोडशेडिंग संपून लाइट आली की सर जेवण अर्धं टाकून लॅबकडे पळायचे आणि थोड्या वेळानं परत यायचे. मी नुसतं बघायचे. ते मान हलवायचे. एकदाच म्हणाले, "आला एकाचा मेल."

"काय म्हणतो?"

"विचारते, नाव कसं उच्चाराचं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सर मेल बघायला जाताना आता पळत नव्हते.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. कापसाच्या गावांतून सारख्या त्याच बातम्या यायच्या. बडनेरा स्टेशनवर कॅमेऱ्यांच्या पेट्या घेऊन परक्या शहरांतले, परक्या देशांतलेही लोक उतरायचे. बाहेरगावी लग्नाला गेलं आणि आम्ही अमरावतीचे असं सांगितलं, की समोरचा माणूस आवाज खाली आणून बोलायचा. आम्ही महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं. कुणी असा आवाज खाली आणला की चोरून काहीतरी घेतल्यासारखं वाटायचं.

त्या थंडीत एका दुपारी मी प्रश्नपत्रिका छापायला लॅबमध्ये गेले. सर संगणकासमोर बसले होते आणि त्यांच्या मागे लॅबचा शिपाई गजानन उभा होता. गजानन पातूरकडच्या एका खेड्यातला. मागच्या हंगामात त्याच्या थोरल्या भावानं, श्रीकृष्णानं, शेतातच जीव दिला होता. तेराव्यानंतर गजानन कामावर आला आणि त्यावर कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता.

"मॅडम, सरांले फॉरेनचा मेल आला!" तो मला म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्याचा चेहरा उघडा दिसला.

मी आनंदानं पुढे जाऊन वाचू लागले. योहान नावाच्या माणसानं लिहिलं होतं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला. तुमच्या भागाबद्दल मी टीव्हीवर पाहिलं आहे, तुमच्या माणसांवर जे आलं त्याचं मला फार दुःख आहे, असं त्यानं सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे होतं, तुमच्या पॅकेजमध्ये चुका आहेत, पण त्यांची काळजी करू नका, मी ते दोन दिवसांत आत चढवतो.

"काय लिवलं सर त्यानं?" गजाननानं विचारलं.

सर फार सावकाश म्हणाले, "लिवलं की... तुमच्या मानसांसाठी वाईट वाटते."

गजानन पडद्याकडे बघत राहिला. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

"माह्या भावाचं त्याले कसं मालूम झालं?"

सरांनी मान खाली घातली. गजाननानं डोळे पुसले, "भला मानूस हाये," म्हणाला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

तेव्हा मी पडदा खाली सरकवून सरांची मूळ मेल वाचली. इतक्या महिन्यांचे तेच ते तांत्रिक परिच्छेद होते, पण यावेळी वर एक नवं वाक्य होतं. मी विदर्भातल्या त्या जिल्ह्यांतून लिहितो आहे जिथं शेतकरी आत्महत्या करत आहेत, आणि इथून जगापर्यंत काही पोचवणं फार अवघड आहे.

संध्याकाळी गाडीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोरगावच्या पुढे बोलले.

"माह्या घरी शेताचा एक धुरा-बांधही नाई, मॅडम. वडील घड्याळं दुरुस्त करत. मी कधी वखर धरला नाई."

"सर, वाक्य काही खोटं नाही."

"खोटं नाई म्हनूनच तं." ते म्हणाले. "खोटं असतं तं कमी लाज वाटली असती. ते खरं हाये, पन माहं नाई. दुसऱ्याच्या घरचं मरन दाखवून मी माहं काम पुढं सरकवलं."

मी काहीतरी समजूत घालायला गेले, पण त्यांनी हातानंच थांबवलं. मूर्तिजापूरला रोजचा चहावाला आला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेल टाकली. एकट्या योहानला लिहिली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी सगळ्यांसमोर टाकली. मी शेतकरी नाही. तुम्ही लक्ष द्यावं म्हणून मी ते वाक्य लिहिलं. मला त्याची लाज वाटते. विनंती मागे घेतो. इंग्रजी तपासायला त्यांनी मला दाखवली तेव्हा मी विचारलं, "सगळ्यांसमोर कशाला?"

"ते सगळ्यांसमोरच लिवलं होतं ना."

नंतर ते गजाननाला बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेले. मी व्हरांड्यातून बघत होते. सर बोलत होते, गजानन ऐकत होता. मग गजानन परत आला आणि मला ऐकू येईल इतक्या आवाजात सरांना म्हणाला, "मले सांगतलं ते ठीक केलं. पन मायले नका सांगू सर. मायनं रातीच साऱ्या गावाले सांगतलं, का माह्या श्रीकृष्णासाठी साता समुद्रापलीकडून कोनीतरी लिवलं म्हनून."

योहानचं उत्तर आलं. त्यात सहानुभूतीचा शब्दही नव्हता. ठीक आहे, मग आता नीट तपासतो, एवढंच म्हणून खाली चुकांची भलीमोठी यादी. परवान्याची फाइल नाही. माहितीपत्रक अपुरं. वर्णनाच्या ओळी लांब. इथं उगाच मोकळी जागा सोडली आहे, तिथं सोडलेली नाही. सरांनी ती यादी मला इतक्या आनंदानं वाचून दाखवली, जसं काही बोर्डात आलेल्या पोराचे मार्क. "बघा मॅडम, काय झाडून राह्यला मले! एकेक अक्षर पाहिलं त्यानं." ते दुरुस्त करून पाठवायचे, तो पुन्हा परत पाठवायचा. भाभी म्हणाल्या, "चलो, इनको भी कोई मिला डब्बे की जगह बतानेवाला."

उन्हाळा लागता लागता विल्हे आत गेलं. सरांनी पेढे वाटले नाहीत. प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर अभिनंदन लावलं, ते सरांनी दुपारी हळूच काढून घेतलं.

पण त्याच्या आधी, थंडी संपायच्या बेताला, गजाननानं एक पिशवी आणून दिली होती. तुरीच्या ओल्या शेंगा.

"मायनं देल्या. त्या साहेबासाठी."

सरांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ती ते तशीच गाडीत मांडीवर घेऊन बसले, वर ठेवली नाही, घोळक्यात कुणाला शेंग काढू दिली नाही. घरी भाभींनी विचारलं, उकडू का? तर नाही म्हणाले. त्या रात्री त्यांनी योहानला सगळं लिहिलं. गजानन काय समजला, आई काय समजली, शेंगा कुणासाठी आल्या.

योहाननं दोनच ओळी लिहिल्या. मला त्या आईला खरोखर लिहायचं आहे. पण तिचा मुलगा कसा होता हे मला माहीत नाही, तर काय लिहू?

म्हणून एका रविवारी सर, भाभी आणि मी गजाननाच्या गावी गेलो. पातूरपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी जीप. गजाननाच्या आईनं ओट्यावर सतरंजी घातली होती. लहानखुरी बाई, पदर डोक्यावरून घट्ट. तिनं आधी सरांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "साहेबाले शेंगा भेटल्या?"

सर बसल्याजागी ताठ झाले. "माय, मले तुमाले एक गोष्ट सांगाची होती..."

दारातून गजानन त्यांच्याकडे बघत होता. सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य बदललं.

"साहेबानं विचारलं, तुमचा श्रीकृष्ण कसा होता?"

"कसा होता म्हंजे?"

"म्हंजे... काय आवडे त्याले. हसे कसा. असं."

बाई सतरंजीचं टोक सरळ करू लागली. मला वाटलं, आपण येऊन चूक केली. मग ती म्हणाली, "इतले लोक येऊन गेले. पेरा किती, कापूस किती, सारं विचारलं. हे नाई कोनी विचारलं." आणि पदरानं तोंड पुसून ती सांगू लागली. श्रीकृष्णाला गुदगुल्या फार व्हायच्या, न्हाव्यापुढे बसला की हसून हसून मान कापून घ्यायचा. पोट्टा असताना बैलाच्या पाठीवर झोपायचा. भाकरीचा पापुद्रा आधी खायचा, खालची भाकर भावाला द्यायचा. लग्नात त्याला उखाणा आठवेना, तर नवरीनंच हळूच सांगितला. हे सांगताना ती हसली. आतल्या दाराशी बसलेली तिची सूनही मान खाली घालून हसली, आणि मग उठून आत गेली.

सरांनी कागद काढला नाही की पेन काढलं नाही. हात जोडल्यासारखे मांडीवर धरून ऐकत होते. भाभींनी केव्हाच बाईचा हात हातात घेतला होता. काळीपिवळीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला.

शेवटी बाई जरा थांबली. सरांकडे काळजीनं बघत तिनं विचारलं, "काहो सर, हे एवढं सारं इंग्रजीत मावते का?"

सर थोडे पुढे सरकून बसले.

"नाई मावत, माय," ते म्हणाले. "तुमी सांगत राहा."