भोंग्याचा सूर

आमच्या गायकवृंदाला सूर साखर कारखान्याचा भोंगा देतो. ही थट्टा नाही. इस्लामपुरातल्या एका चर्चच्या आवारात आमची तालीम असते. सगळे ओळी करून उभे राहतात. समोर सुभेदार दौलतराव स्टुलावर चढून हात वर धरतात. कारखान्याची पाळी बदलल्याचा भोंगा होईपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही. भोंगा झाला की हात खाली येतो आणि आम्ही त्याच सुरात गाणं उचलतो. कोपऱ्यात चांगली पेटी आहे. तिच्यावर सुभेदार आपली टोपी ठेवतात.

वृंदात निम्मे लोक चर्चचे आहेत, निम्मे गावातले. सुभेदार गावातले, मीही गावातला. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे आणि वृंदाचा सचिव. गाण्यात माझं काम खालच्या ओळीत उभं राहून थांब्याचे ठोके मोजण्याचं. "हिशेबवाले, तुमी गाऊ नका, मोजा," असं सुभेदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निर्णय योग्य होता.

सुभेदारांची सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये झाली. तिथे ते सगळ्यात मोठा पितळी बाजा वाजवायचे, अंगाभोवती गुंडाळून घ्यावा लागतो तो. त्यामुळे चार ओळी चार सुरांत कशा गातात, हे त्यांना पक्कं माहीत. निवृत्त होऊन उसाच्या शेतीला लागले, तेव्हा त्यांना चर्चच्या मंडळींनी ख्रिसमसपुरतं बोलावलं. ते परत गेलेच नाहीत.

त्यांच्या शिस्तीत वादाला जागा नसते. उशिरा आलेल्याला ते आवाराला एक फेरी मारायला लावतात. मागून येऊन पोटात बोट खुपसतात आणि म्हणतात, "हितनं दम काढ रं! गळा नुसता दरवाजा हाय." पेटीबद्दल त्यांचं मत असं, "पेटी दमट हवेत रुसती. भोंगा कवा रुसलाय का गड्या?" कारखाना हंगामापुरताच चालतो, म्हणून आमच्या तालमीही हंगामापुरत्याच. गाळप संपलं की गाणं संपलं.

अडचण एकच. भोंग्याचा सूर फार खाली आहे. त्या सुरात बायकांनी गायलं की वरची ओळ वरची राहत नाही. खालच्या ओळीचं तर म्हशी डोहात उतरल्यासारखं होतं. रूथ मॅडम वरच्या ओळीत गातात, एका शाळेत शिकवतात आणि पेटी उत्तम वाजवतात. त्यांचं म्हणणं, "काका, आपण आनंदाची गाणी म्हणतो. लोक सांत्वनाला आल्यासारखे बसतात."

साताऱ्याला दरवर्षी डिसेंबरात समूहगीतांची स्पर्धा होते. तिथे आम्हाला कधीही बक्षीस मिळालेलं नाही. गेल्या वर्षी परीक्षकांनी लिहिलं होतं, आवाज भारदस्त, पण वर जात नाही. सुभेदारांनी ते वाचून कागद परत दिला. "वर जायाला आपन काय पतंग हाय?"

यंदा मात्र रूथ मॅडमनी हट्ट धरला आणि स्पर्धेपुरती पेटी कबूल करून घेतली. सुभेदार लगेच हो म्हणाले, याचं सगळ्यांना नवल वाटलं. "साताऱ्याचं तुमचं. तितं काय बी करा."

तालमी पेटीवर झाल्या, छान झाल्या. पण साताऱ्याचं सभागृह एसटी स्टँडला लागून. आम्ही मंचावर ओळी केल्या, सुभेदारांनी हात वर केला, मॅडमनी पेटीवर वरचा सूर दिला, आणि त्याच क्षणी बाहेर कुठल्याशा गाडीने जाडाभरडा, लांबलचक हॉर्न दिला. हात वर असताना बाहेरून असा आवाज आला की गायचं, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. पुरुषांनी हॉर्नचा सूर घेतला, बायकांनी पेटीचा. मी मोजत होतो, त्यामुळे ठोके तेवढे बरोबर आले. एका परीक्षकाने चष्मा काढून पुसला तो शेवटपर्यंत लावला नाही.

परतीच्या गाडीत मॅडम कराडपर्यंत परीक्षकांचा कागद उघडत-मिटत राहिल्या. मग शेरा वाचून दाखवला. "काका, ऐका. 'दोन वृंद एकाच वेळी गात असल्याचा भास झाला.'"

"दोनी चांगलं गात हुतं, असं न्हाई लिवलं?"

"काका!"

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी बैठक मागितली. विषय एकच, ख्रिसमसच्या कार्यक्रमात सूर भोंग्याचा की पेटीचा. हा कार्यक्रम आमच्या दृष्टीने स्पर्धेहून मोठा. त्याला तिकीट नसतं. येणाऱ्याने एक ब्लँकेट आणायचं, ती सगळी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत, जातात. यंदा थंडी कडक होती. कार्यक्रम रंगला तर माणसं वाढतील आणि ब्लँकेटं वाढतील, हा मॅडमचा मुद्दा मला बिनतोड वाटला.

सुभेदार उभे राहिले. त्यांना विनंती करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "बक्षीस-बिक्षीस समदं तुमचं. ख्रिसमसचा सूर तेवढा ऱ्हाऊ द्या."

"कारण सांगा ना काका."

"कारन हाय."

"काय?"

"हाय म्हनलं न्हवं."

कारण नसलेल्या मुद्द्याला मतं पडत नाहीत. पेटीचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. सचिव म्हणून मी मत दिलं नाही. सुभेदारांनी पेटीवरची टोपी उचलली, "ठराव म्हंजी हुकूम," म्हणाले आणि जाऊन मागच्या ओळीत खालच्या आवाजवाल्यांत उभे राहिले. समोर स्टुलापाशी मॅडम आल्या.

आता शकूवहिनींबद्दल सांगायला हवं. या सुभेदारांच्या पत्नी. दर ख्रिसमसला मधल्या रांगेच्या अगदी पुढच्या खुर्चीवर त्या येऊन बसतात आणि पहिलं ब्लँकेट त्यांचंच असतं. त्या बोलतात कमी. काही विचारलं की हसतात. गेल्या वर्षी मी विचारलं, "वहिनी, ब्लँकेटं किती आणलीत?" तर म्हणाल्या, "व्हय व्हय, समद्यांचं बरं हाय." सुभेदार त्यांच्याशी नेहमी पोटातून, खर्जात बोलतात. बँडची सवय असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

भोंग्याची वाट पाहायची नसल्याने यंदाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. आवार भरलं होतं. मॅडमनी पेटीवर सूर दिला आणि पहिलं गाणं असं उठलं की माझे दोन ठोके चुकले. बायकांचे आवाज थेट वर गेले. टाळ्या थांबेनात.

त्या थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात वहिनींचा आवाज आला. ज्यांना स्वतःचा आवाज नीट कळत नाही, ते बोलतात तसा मोठा. "सुरू झालं न्हाई का अजून?"

आवार हसलं. मागच्या ओळीतून, सगळ्यांच्या पाठीमागून, सुभेदार खर्जात म्हणाले, "झालंय. येक झालं बी."

ते त्यांना तेवढ्या अंतरावरून नीट ऐकू आलं. "झालं बी? मग मला कसं न्हाई आलं?" त्या ओशाळल्या. "गेल्या साली तर समदं ऐकू आलं हुतं. यंदा पोरींची नुसती व्हटं हालत्यात."

कोणी हसलं नाही. मी वळून पाहिलं. सुभेदार आपल्या बुटांकडे बघत होते.

रूथ मॅडमनी पेटीचा भाता बंद केला. "काका, हे कारण होतं? सांगायचं नाही का?"

"तिला आता खालचंच सूर ऐकू येत्यात. सांगून गायलं असतंसा तर उपकार झालं असतं," सुभेदार म्हणाले. "तिला गानं पायजे, उपकार नगं."

"या पुढे."

"ठराव झालाय मॅडम."

ते नियमाला धरून होतं. ठराव बैठकीशिवाय बदलत नाही. मी पाहिलं, वृंदाचे सगळे सभासद मंचावर हजर होते. मी पुढे झालो आणि बैठक भरली असल्याचं जाहीर केलं. सूर पुन्हा भोंग्याचा असावा या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर गेले. पुढच्या खुर्चीवरून शकूवहिनींनीही सगळ्यांचं बघून हात वर केला. त्या सभासद नाहीत, म्हणून तो मी धरला नाही.

सुभेदार स्टुलावर चढले. हात वर धरला. पण पाळी बदलायला अजून वेळ होता आणि भोंगा काही आमच्यासाठी लवकर होणार नव्हता. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग छाती भरून घेतली आणि स्वतःच्या गळ्यातून, खालून वर येणारा, कारखान्याचा भोंगा दिला. हुबेहूब. मागे बसलेला एक कामगार सवयीने उठून उभा राहिला.

आम्ही गाणं उचललं. म्हशी डोहात उतरल्या. शकूवहिनींनी पदर सारखा केला, शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "आता झालं बघा सुरू."