एक वांगं, दोन मिरच्या

मुन्नाने आजवर पुष्कळ गोष्टी विचार न करता केल्या होत्या. सहावीतून शाळा सोडणं ही त्यातली सगळ्यात सोपी. पण फोनवर म्हटलेलं एक 'हाव' त्याला वाशीमपर्यंत पळवत नेईल, असं त्याला वाटलं नव्हतं.

फोन त्याच्या थोरल्या भावाचा, प्रज्वलदादाचा होता. दादाला जाऊन पाच महिने झाले होते, तरी मुन्ना तो रोज चार्ज करायचा. (कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.) एका थंडीच्या सकाळी तो वाजला.

"प्रज्वलभाऊ ना? वाशीमच्या प्राण्यांच्या शेल्टरमधून वैजयंती बोलतेय. पूर्वी तुम्ही इथे मदतीला यायचात, तुमचं नाव आमच्याकडे लिहिलेलं आहे. मांजरीची तीन पिल्लं आलीत, आईविना आहेत. महिनाभर सांभाळाल का?"

'दादा आता नाई' हे तीन शब्द मुन्नाच्या तोंडून अजून एकदाही निघाले नव्हते. त्यापेक्षा एक शब्द सोपा.

"हाव," तो म्हणाला.

दुपारपर्यंत रिठद गावच्या त्यांच्या मळ्यात एक खोकं येऊन पोचलं. सोबत दुधाची पावडर, ड्रॉपर आणि नियम. दर दोन तासांनी दूध. गाईचं नाही. ऊब द्यायची. रोज वजन करून कळवायचं.

"मांजरीच्या पिल्लायले डब्यातलं दूध?" वडील, मारोतराव, म्हणाले. "मले नाई पाजलं कोणं."

"तुमी डोळे उघडून जन्मले होते," आईने, तुळसाबाईंनी, आत जाता जाता सांगितलं.

दोन पिल्लं धट्टीकट्टी होती. तिसरं मूठभर, राखेच्या रंगाचं, सारखं थरथरणारं. मुन्नाने त्याचं नाव ठेवलं बारक्या. दादा मुन्नालाच बारक्या म्हणायचा. ते नाव पाच महिने रिकामंच पडलं होतं.

वजनाचं मात्र त्याला भ्याव होतं. दवाखान्यात दादाला रोज सकाळी काट्यावर उभं करायचे आणि आकडा रोज खाली यायचा. मुन्ना रोज म्हणायचा, "काटा खराब हाय." काटा ठीक होता.

घरी आजोबांची तागडी होती, पण मापांपैकी किलो आणि अर्धा किलो एवढीच उरली होती. मग मुन्नाने मळ्यातून भरताचं एक वांगं तोडून आणलं. एका पारड्यात बारक्या, दुसऱ्यात वांगं. अगदी बरोबर! झालं, माप ठरलं. ते सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवलं. पुढची वाढ मिरच्यांनी मोजायची.

"ताई, बारक्या आज एक वांगं, दोन मिरच्या."

"ग्रॅममध्ये सांगा ना, प्रज्वलभाऊ."

"ग्रॅम नाई ताई आमच्याकडं. मिरच्या हायेत."

झोप अशी त्याला मिळेना. डुलक्या तेवढ्या मिळत. दादाच्या मफलरमध्ये गुंडाळलेला बारक्या छातीवर घेऊन तो लिंबापाशी ऊन खात बसायचा. बारक्याची घुरघुर सुरू झाली की लांब कुठेतरी विहिरीवर मोटार चालू झाल्यासारखं वाटे. मग धुकं मळ्यावर उतरायचं. पाणी आपोआप वाफ्यांतून वळायचं, आणि दादा ओल्या मातीवर पाऊल न उमटवता चालत यायचा. "बारक्या, वाफा भरला. दुसरीकडं फिरव." मुन्ना म्हणायचा, "हाव, दादा," आणि जागा व्हायचा. तेव्हा ड्रॉपर त्याच्याच कानात असायचा. एकदा तर त्याने पाव चमचा दूध एका मिरचीला पाजलं. (मिरचीने तक्रार केली नाही.)

नवव्या दिवशी तागडी उचलली आणि बारक्याचं पारडं वर गेलं. मुन्नाने एक मिरची काढली. दुसरी काढली. सगळ्या काढल्या. वांगं जे खाली बसलं ते उठेना.

"काटा खराब हाय," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून घाबरला.

शेल्टरवाल्यांना पुरावा हवा म्हणून त्याने वांगंही घेतलं. एक मफलरमध्ये, एक पिशवीत, आणि मोटारसायकलला किक. "कुठं चाल्ला बे?" तुळसाबाई ओरडल्या, तेव्हा तो रस्त्याला लागला होता. एक हात हँडलवर, एक हात छातीशी. "थांब बारक्या. आलंच वाशीम. झोपू नको."

शेल्टरमध्ये वैजयंतीने मफलर हळूच उलगडला. आत वांगं होतं. चांगलं उबदार झालं होतं.

तेवढ्यात मुन्नाने हँडलवरून काढून आणलेल्या पिशवीतून बारक्याने अशी बोंब मारली, की कोपऱ्यातला कुत्रा उठून बाहेर गेला.

वैजयंतीने त्याला काट्यावर ठेवलं. "दोनशे तीस ग्रॅम. आलं तेव्हा एकशे साठ होतं."

"काटा खराब हाय."

"नवा आहे, भाऊ." मग तिने वांगं ठेवलं. "तीनशे दहा. हे तेच वांगं आहे?"

मुन्नाने घरी फोन लावला. "आई, फडक्यातलं वांगं कुठं गेलं?"

"त्याचं काल भरीत केलं. तुले तिथं वांगं पाह्यजे असते म्हणून दुसरं ठेवलं, चांगलं मोठं पाहून."

"माप होतं ते माह्यं!"

"मंग खाल्लं कोणं? तूच. तीन भाकरी खाल्ल्या. पाच महिन्यात पह्यल्यांदा भाकर मागून घेतली तू. मी बोलली नाई. म्हटलं, नजर लागन."

मुन्नाने फोन खिशात टाकला आणि हात टेबलावर टेकवला. बारक्या टेबलावर रांगत त्याच्या बोटापर्यंत आला आणि बोट चोखू लागला.

"ताई," मुन्ना म्हणाला, "दादा आता नाई. मी मुन्ना."

वैजयंतीने काट्यावरचं वांगं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही प्रज्वलभाऊ नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना ग्रॅम यायचे. पण ते गेले, हे नव्हतं माहीत." तिने रजिस्टर ओढलं, आधीचं नाव न खोडता त्याखाली 'मुन्ना' लिहिलं, आणि बारक्याला पुन्हा मफलरमध्ये गुंडाळून दिलं.

या वेळी निघताना मुन्नाने मफलरमध्ये तीनदा डोकावून पाहिलं. रस्त्यात रिठदपर्यंत आणखी चारदा. दर वेळी आत बारक्याच होता.

घरी पोचतो तोच दादाच्या फोनवर वैजयंतीचा आवाज आला.

"मुन्नाभाऊ, तुमचं वांगं इथेच राहिलंय. आईविना आहे, पण तब्येत ठणठणीत. वजन तीनशे दहा ग्रॅम. मिरच्या आमच्याकडे नाहीत."