आईच्या जागी कुंडी

छायाचित्रे दोन प्रकारची असतात. एक, आठवण राहावी म्हणून काढलेली आणि दुसरी, खपावी म्हणून काढलेली. पहिल्या प्रकारात माणसे लागतात. दुसऱ्या प्रकारात माणसे ही मुख्य अडचण असते. हे सत्य बोरीवलीच्या श्यामकांत तावडे यांना विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर उमगले. अनेकांना ते शेवटपर्यंत उमगत नाही आणि ते बिचारे पिकनिकचे ग्रुप फोटो काढत बसतात.

श्यामकांत आपले फोटो एका स्टॉक एजन्सीला देत. स्टॉक एजन्सी म्हणजे फोटोंचे गोदाम. जगाच्या पाठीवर कोणाला कापलेल्या लिंबाचा फोटो हवा असेल, तर त्याने स्वतः लिंबू कापत बसू नये, अशी ही लोककल्याणकारी सोय आहे. (लिंबू श्यामकांत कापत. सरबत एजन्सीचा निर्णय येईपर्यंत थांबे.) एजन्सीचे नियम अत्यंत न्याय्य होते. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहावा. त्यात धूसरपणा नसावा, तिरपेपणा नसावा, रव्यासारखे दाणे नसावेत. कोणत्याही कंपनीचे नाव किंवा चिन्ह दिसू नये. आणि ओळखू येईल असा माणूस दिसत असेल, तर त्या माणसाची चार पानी इंग्रजी संमतिपत्रावर सही असावी. यातले काही चुकले की नम्र उत्तर येई : आपले योगदान आमच्यासाठी मोलाचे आहे, हे छायाचित्र मात्र स्वीकारता येत नाही.

श्यामकांतनी पहिल्यांदा कंपन्यांचा बंदोबस्त केला. स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या बाटल्या-डब्यांवरची लेबले त्यांनी गरम पाण्यात भिजवून खरवडून काढली. फोटो फार सात्त्विक येऊ लागले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी जयंती यांनी आमटीला केसांच्या तेलाची फोडणी दिली. (आमटी फुकट गेली. वाटीचा फोटो स्वीकारला गेला.) त्यानंतर टोमॅटोंचा विषय झाला. श्यामकांत भाजीबाजारात एकेक टोमॅटो उन्हाकडे धरून डाग बघत, तोवर मागचे गिऱ्हाईक आपली भाजी घेऊन, घरी जाऊन, शिजवूनही मोकळे होई. घरी आणलेला टोमॅटो आधी पांढऱ्या कागदावर बसे आणि मंजुरी आल्यावरच चिरला जाई. तोपर्यंत तो बहुधा चिरण्याच्या पलीकडे गेलेला असे.

"अहो, आपण काय फोटो जेवायचे का?" असे जयंतीबाईंनी एकदा विचारले. श्यामकांतनी तो मुद्दा विचारार्थ ठेवून घेतला.

खरी अडचण उजेडाची होती. दोन खोल्यांच्या त्या घरात चांगला, मऊ उजेड एकाच ठिकाणी येई, गॅलरीच्या दारापाशी. आणि तिथे गेली तीस वर्षे आई बसत आली होती. मालनबाई तिथे भाजी निवडत, पेपर वाचत, खाली कोण आले-गेले ते बघत. त्यामुळे श्यामकांत कपाचा फोटो काढोत की कोथिंबिरीचा, एका कडेने आईचे कोपर, पदर, चष्म्याची काडी किंवा आख्खी आई हजर असे. तिला हलवायचा प्रयत्न करून पाहिला. उजेड हलला नाही आणि आईही हलली नाही.

मग सहीचा मार्ग राहिला. श्यामकांतनी संमतिपत्र मराठीत समजावून सांगितले. मालनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मी सही करूचंय नाय," त्या म्हणाल्या.

"अगं आई, फोटोसाठी आहे. घर नाही कोणी घेत."

"बिल्डर दर दिवाळीक पेढे घेऊन येता. पाया पडता. सही केलंय काय मगे माका कोण इचारतलो?"

सोसायटीच्या पुनर्विकासाला सगळ्या सभासदांनी संमती दिली होती, एकट्या मालनबाई राहिल्या होत्या, आणि बिल्डर खरोखरच एकट्या त्यांच्याच पाया पडत असे. बाकीच्यांना तो जिन्यात ओळखही देत नसे. सही म्हणजे काय, हे त्या इमारतीत त्यांच्याइतके कोणालाच कळले नव्हते.

तेव्हा श्यामकांतनी आईला फोटोंतून काढून टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला काम ओबडधोबड होई, खुर्चीवर नुसता चष्मा तरंगत राही. पण सरावाने हात बसला. कोपराच्या जागी भिंत आली, पदराच्या जागी पडदा आला आणि आख्ख्या आईच्या जागी गॅलरीतली तुळशीची कुंडी आली. कुंडीला सही लागत नाही. एजन्सीने हे फोटो तत्परतेने स्वीकारले. मूळ फोटो ठेवून संगणकाची जागा अडवू नये, असा एक शास्त्रशुद्ध सल्ला श्यामकांतनी कुठेतरी वाचला होता. तोही त्यांनी काटेकोरपणे पाळला. असे करता करता सहा वर्षे आई रोज फोटोत बसली आणि एकाही फोटोत उरली नाही.

मालनबाईंना एक्याऐंशी वर्षे पूर्ण होत आली. मुलुंडला राहणारी श्यामकांतची बहीण वसुधा हिने सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. हॉल ठरला, भटजी ठरले, मेनू ठरला. व्यासपीठामागे आईच्या फोटोचा मोठा बॅनर लावायचा, हेही ठरले. फोटोची जबाबदारी कोणावर, यावर चर्चादेखील झाली नाही. घरात एवढा आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार असताना ती होणारही नव्हती.

"दादा, आईचा एक झकास फोटो पाठव ना," वसुधाने फोनवर सांगितले. "बॅनरवाला थांबलाय."

श्यामकांतनी संगणक उघडला. टोमॅटो होते. लिंबे होती. कोथिंबीर चारी बाजूंनी होती. तुळशीची कुंडी तर इतक्या फोटोंत होती की तिचेच सहस्रचंद्रदर्शन करता आले असते. आई नव्हती. कपाटातून जुने अल्बम काढले. एका लग्नात आईचे डोळे मिटलेले होते, दुसऱ्या लग्नात तिच्यापुढे व्याही उभे होते आणि बाकी सगळ्या समारंभांत फोटोच्या वेळी ती आत जेवणाचे बघायला गेली होती. आधार कार्डावर फोटो होता. तो पाहून बॅनरवाला विकी म्हणाला, "अंकल, हा एवढा मोठा केला तर फाटणार, नुसते ठिपके दिसणार. आणि आजी यात वाँटेड वाटतात."

आता सरळ मार्ग होता. आईचा नवा फोटो काढावा. श्यामकांतनी तो काढला. ट्रायपॉड लावला, आईला इस्त्रीची नऊवारी नेसवली, गॅलरीच्या दारापाशी बसवले. आणि सवयीने फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला.

पाहतात तो डावा डोळा उजव्यापेक्षा लहान. कपाळावर दाणे. (त्या सुरकुत्या होत्या. शंभर टक्क्यांवर फरक कळत नाही.) मान तिरपी. कुंकू मध्यावर नाही. चष्म्यात ट्यूबलाइट. श्यामकांतनी पुन्हा फोटो काढला, पुन्हा मोठा केला, पुन्हा नाकारला. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःच्या आईला एजन्सीच्या प्रत्येक नियमाखाली एकेकदा तरी नापास केले होते.

"सकाळपासून बसवलंस," मालनबाई उठल्या. "गवार निवडूची रवली."

विकीचा फोन आला. तासाभरात मशीन बंद करणार होता. हॉल उद्या सकाळचा होता. श्यामकांतपुढे एकच जागा अशी होती, जिथला प्रत्येक फोटो तपासून, पारखून घेतलेला होता. त्यांनी एजन्सीच्या गोदामात शोधशब्द टाकले : वृद्ध, भारतीय, स्त्री, नऊवारी, समाधानी. एक आजी निघाल्या. डोळे सारखे, मान सरळ, पाठीमागे मंद उजेड. नाक तर बरेचसे आईसारखेच होते. दर्जाच्या दृष्टीने शंकेला जागा नव्हती. श्यामकांतनी फोटो विकीला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बॅनर फार शोभला. नातेवाईक आले. "मालनमावशी काय छान आल्यात," असे सगळ्यांनी म्हटले. वसुधाने "आई काय छान आलीय" असे दोनदा म्हटले. "तब्येत राखलीय हो," असे एका काकांनी बॅनरकडे पाहून म्हटले. लोक बॅनरसमोर उभे राहून सेल्फी घेऊ लागले. मधे एका खुर्चीवर मालनबाई बसल्या होत्या. "आजी, जरा बाजूला सरका ना, फोटोत येताय," असे कोणत्याशा लांबच्या नात्याने लागणाऱ्या एका तरुणाने आदराने सांगितले आणि त्या सरकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सांगितल्यावर सरकल्या.

श्यामकांतना हे दिसले. ते आईजवळ जाऊन बसले. मालनबाई मान वर करून बॅनर न्याहाळत होत्या.

"ही कोण रे, श्याम?"

श्यामकांतनी सदऱ्यावरच्या अक्षता झटकल्या.

"साडी बरी हा," मालनबाई म्हणाल्या. थोडा वेळ आणखी पाहून त्यांनी निष्कर्ष काढला. "हिना सही दिल्यान वाटता."

श्यामकांतना रडू येईलसे वाटले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. सेल्फीवाल्यांचे धक्के लागत होते, उजेड मागून येत होता, आईच्या मांडीवर एका मिठाईवाल्याचा नावासकट खोका होता.

"आई, इकडे बघ."

"काढ," मालनबाई म्हणाल्या. "पण सही मी करूचंय नाय."

फोटो धूसर आला, तिरपा आला, दाणेदार आला. त्यात आई हसते आहे. तो श्यामकांतनी मोठा करून पाहिलेला नाही.

हे वाचून ज्यांना श्यामकांतचे हसू आले असेल, त्यांनी कृपया आपला मोबाइल उघडावा. मिसळीच्या ताटल्या, सूर्यास्त, पार्किंगचे खांब, पावत्या आणि स्वतःचे चेहरे बाजूला सारून, आईचा एकटीचा, डोळे उघडे असलेला एक फोटो शोधावा. सापडला नाही तर घाबरून जायचे कारण नाही. एजन्सीकडे आया मुबलक आहेत आणि सगळ्यांच्या सह्या झालेल्या आहेत.