गायकवाड काकांची गाडी गरम होईपर्यंत

गायकवाड काका मोटारसायकलचं बटण दाबतात आणि लगेच दोन पावलं मागे सरकतात. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ उभे राहतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, खांद्याला डब्याची पिशवी. समोर इंजिन वरच्या पट्टीत ओरडत असतं. काका त्याला काही करत नाहीत. हळूहळू आवाज उतरतो, एका संथ लयीवर येऊन स्थिरावतो. मग काका मान हलवतात, "झालं" म्हणतात, गाडीवर बसतात आणि गेटबाहेर पडतात.

आता यात वेगळं काय, असं तुम्ही म्हणाल. वेगळं हे की काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आहेत. थोड्याच वेळात ते चालत परत येतात आणि हातात कोथिंबिरीची जुडी असते. गाडी कोपऱ्यावर टपरीमागे दिवसभर उभी. संध्याकाळी काका पुन्हा शर्ट-बूट चढवून गुपचूप चालत जातात आणि गाडीवर बसून ऐटीत परत येतात. कोथिंबिरीसाठी बुटांना पॉलिश करणारा माणूस डोंबिवलीत दुसरा नसावा. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढलेला की अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केल्यावर डोक्यात थोडा फरक पडायचाच.

माझी आणि त्यांची ओळख पार्किंगमध्येच झाली. मी ठाण्याला नौपाड्यात एका क्लासमध्ये गणित शिकवतो. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून रोजचं जाणं-येणं, म्हणून नवीन मोटारसायकल घेतलेली. पहिल्याच सकाळी बटण दाबलं आणि सवयीने अ‍ॅक्सिलेटर पिळला.

"हात मागे!"

मी दचकून हात वर केले. मागे गायकवाड काका.

"माझ्यासारखीच गाडी घेतलीस. हुशार आहेस. पण ते पिळतोयस कशाला?"

"गरम करतोय, काका."

"त्याचं त्याला कळतं!"

आणि तिथेच माझा पहिला तास झाला. "हे बघ, रात्रभर उभं राहून इंजिन गार पडलेलं असतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. थेंब होऊन आतल्या भिंतींना चिकटतं. ऑइल घट्ट झालेलं असतं. अशात ते नेहमीच्या संथ गतीने चालवलं तर आचके देऊन बंद पडेल. म्हणून आत सेन्सर बसवलाय. इंजिन किती गरम आहे ते तो कम्प्युटरला सांगतो. गार आहे म्हटलं की कम्प्युटर पेट्रोल जरा जास्त देतो, हवा जरा जास्त सोडतो. म्हणून सुरुवातीला आवाज चढतो. इंजिन तापत जातं तसा तो हात आखडता घेतो आणि आवाज उतरतो. पूर्वी हेच आपण चोक ओढून करायचो. आता त्याचं त्याला कळतं. ऑइल अजून सगळीकडे पोचलेलं नसताना तू पिळापिळी करतोस. घासतंय कोण? इंजिन!"

"पण काका, आजकालच्या गाड्या लगेच चालवल्या तरी चालतात ना? हळू नेल्या तर?"

"चालतात." काकांनी हे तत्काळ मान्य केलं. "तू नेत जा. मी थांबतो."

'त्याचं त्याला कळतं' हे काकांचं वाक्य इंजिनापुरतं नव्हतं. लिफ्टचं बटण कुणी दोनदा दाबलं की काका म्हणत, "एकदा सांगितलंय. त्याचं त्याला कळतं." कुकरची शिट्टी होत नाही म्हणून माझी बायको झाकणावर चमचा वाजवायची, तर जिन्यातून आवाज यायचा, "हात मागे, सूनबाई!" एका लग्नात नवरामुलगा उखाणा विसरून घाम पुसत होता. सगळे त्याला एकेक शब्द सुचवायला लागले, तर काका पंगतीतून उठून ओरडले, "थांबा रे! गरम होऊ दे त्याला!"

सेक्रेटरी सामंतांचं मात्र या गाडीशी उभं वैर होतं. काकांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, सामंतांचा शेजारी, आणि गाडी सुरू व्हायची ती बरोबर सामंतांच्या प्राणायामाच्या वेळी. शेवटी त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला.

"गायकवाड, मी श्वास आत घेतो तो तुमचा धूर घेतो. गाडी गेटबाहेर नेऊन काय ते उभं राहा ना!"

काकांनी सेन्सरपासून सुरुवात केली. सामंत म्हणाले, "सेन्सर बाहेर चालत नाही का?"

सगळे हसले. काका नेहमी तावातावाने वाद घालणारे. पण त्या दिवशी खाली बघत म्हणाले, "बाहेर नाही चालणार. खिडकीखालीच लागते." पुढे कितीही विचारलं तरी तेवढंच. हट्टी म्हातारा, असं म्हणून लोक समोशांकडे वळले.

त्यानंतर काही दिवसांतली गोष्ट. आदल्या रात्री पाण्याची टाकी वाहून पार्किंगमध्ये गाड्यांवर पाणी पडलेलं. मी सकाळी खाली आलो तर काकांची गाडी ओरडत होती. मी रुमालाने माझ्या गाडीची सीट पुसली, हेल्मेट घातलं, तरी आवाज तसाच चढलेला. पेट्रोलचा उग्र वास सुटलेला. काका पहिल्यांदाच हात पाठीमागे न बांधता वाकून इंजिनाजवळ हात धरून बघत होते.

"चांगलं तापलंय रे," ते म्हणाले, "पण ह्याला वाटतंय अजून गारच आहे. खालीच येत नाही."

तेवढ्यात वरून गायकवाड काकूंचा आवाज आला. काकू आजारी असतात एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या कधी बाहेर पडायच्या नाहीत.

"अहो! काय झालं? निघत का नाही तुम्ही? उशीर झाला! अहो, ते लोक कामावरून काढतील तुम्हाला!" आवाज रडवेला झाला. खिडकीचं ग्रिल खडखडायला लागलं.

काकांनी झटकन गाडी बंद केली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"महेश, तुझी गाडी गार आहे ना?"

"हो, अजून सुरूच नाही केली."

"इथे आण. खिडकीखाली. सुरू कर आणि..."

"हात मागे," मी म्हणालो.

माझी गाडी सुरू झाली. आवाज चढला. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका गाडीकडे बघतच नव्हते. ते वर खिडकीकडे बघत होते. आवाज हळूहळू उतरला, संथ झाला. ग्रिलची खडखड थांबली.

"निघाले हं," काकू घरात कुणाला तरी सांगावं तशा म्हणाल्या.

काकांनी श्वास सोडला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता तू बस आणि गेटबाहेर जा. कोपऱ्यावर गाडी लाव आणि चालत वर ये. चहा घेऊ." आणि हेल्मेट काखेत मारून, भिंतीला लागून, चोरासारखे जिन्याकडे गेले.

मी क्लासला उशीर होईल असं कळवलं आणि वर गेलो. दारात काका जुन्या टी-शर्ट-पायजम्यात. हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट आणि बूट जिन्यातल्या ड्रममागे लपवलेले.

"तिला काही आठवत नाही रे आता," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी कामावर जायचो ते आठवतं. रिटायर झालो म्हणून किती सांगितलं. रोज नव्याने ऐकायची, रोज रडायची. एकदा वैतागून गाडी काढली आणि कोपऱ्यावर जाऊन बसलो. परत आलो तर शांत होती. चोकच्या गाडीपासून हा आवाज तिला पाठ आहे. आधी वर, मग खाली, मग मी गेलो. तो खाली यायला हवा. नाहीतर तिला वाटतं काहीतरी बिघडलंय."

"आणि दिवसभर तुम्ही घरात दिसता, तेव्हा?"

"तेव्हा मी दुसरा कोणीतरी असतो," काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

दुपारी मेकॅनिकने सेन्सरच्या कनेक्टरमधलं पाणी आणि पिनांवरचा गंज साफ केला आणि गाडी ताळ्यावर आली. सामंतांना मी पुढे एकदा बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्राणायाम गच्चीवर सुरू झाला. पण हे नंतरचं. त्या सकाळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. शोकेसमध्ये छोटी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. काकू स्वच्छ साडी नेसून, वेणी घातलेल्या, समोर येऊन बसल्या.

"तुम्ही ह्यांना भेटायला आलात का? आत्ताच निघाले बघा, थोडक्यात चुकामूक झाली. संध्याकाळी या. फार चांगले आहेत हो आमचे हे. फक्त घरात कधी नसतात."

आतून काकांनी विचारलं, "ताई, पाहुण्यांना साखर किती?"

"घाला दोन चमचे, भाऊ." मग काकू माझ्याकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे भाऊ फार चांगले आहेत. माझी वेणीसुद्धा घालून देतात. पण त्यांचं कोणी नाही बहुतेक. दिवसभर इथेच असतात, एकटेच. मी ह्यांना सांगणार आहे, कामावरून आलात की त्या भाऊंशी दोन शब्द बोलत जा म्हणून."

आत ढवळणारा चमचा थांबला होता. थोड्या वेळाने काका दोन कप घेऊन बाहेर आले. काकूंच्या हातात कप देताना त्यांनी खालून आपला तळवा लावला आणि तसाच धरून ठेवला.

"ताई, गरम आहे. सावकाश घ्या."

"तुम्ही पण घ्या ना, भाऊ," काकू सरकून जागा करत म्हणाल्या. "बसा इथे."

काका बसले.